सर्वांत कमी दर

एसी बंद पडला असता तर एक वेळ परवडलं असतं. बंद पडलेली वस्तू निदान बंद पडले म्हणून सांगते तरी. हा चालूच होता. घरघर नेहमीची, हिरवा दिवा नेहमीचा, पुढची पट्टी शहाण्यासारखी वर-खाली होत होती, आकडा बावीस दाखवत होता, आणि बाहेर येत होता नुसता वारा. त्याला हे कळलं ते एसीकडे बघून नव्हे. बायकोने चहा संपवून कप टेबलावर ठेवला, आणि तो टेबलावर ठेवलाच नव्हता. टेबलाच्या कडेपासून वीतभर अलीकडे, हवेत ठेवला. कप फुटला. "अगं बाई," असं ती म्हणाली, म्हणजे तिला तसं म्हणायचं होतं. जिभेवरून आलं ते काहीतरी जाड, लोळागोळा झालेलं. फडकं आणायला तो धावला आणि जाता जाता त्याने भिंतीवरच्या त्या पांढऱ्या पेटीखाली हात धरला. कोमट. त्याच्या डोक्यात अशी तिडीक गेली, की हातातलं फडकं त्याने त्या पेटीवरच फेकून मारलं. आजच? मेल्या, वर्षभरात तुला दुसरा दिवस सापडला नाही?

कारण आज दुपारी ताई येणार होत्या. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. मोठ्या घरातल्या, मोठ्या गाडीतल्या, आणि मोठ्याने बोलणाऱ्या. मागच्या खेपेला आल्या तेव्हा जिन्यातच सुरू झाल्या होत्या, "हिला मी घेऊन जाते बाई उन्हाळाभर. आमच्याकडे सगळं घर गार असतं, एका खोलीत कोंडून पडायला नको." त्यावर तो छाती काढून म्हणाला होता, "ताई, इथे काही कमी नाही. एसी ठणठणीत आहे. हिला घाम आलेला दाखवा, मी स्वतः बॅग भरून देतो." बोलून बसला होता. बायको हसली होती तेव्हा. त्या हसण्याचा अर्थ त्याने लावला नव्हता, सोयीचा तेवढा घेतला होता. आता मात्र ताई दारात उभ्या राहतील, हिचं कपाळ बघतील, आणि एक शब्द न बोलता कपाटातली बॅग काढतील. गेल्या उन्हाळ्यात आठवडाभर म्हणून नेलं होतं तर परत येताना ती भरल्या गालांनी आली होती, गाडीतून उतरताना कुठल्याशा विनोदावर हसत होती, आणि दार उघडून आत आल्यावर तिचं हसू असं विझलं की त्याला चप्पल काढायचंसुद्धा सुचलं नव्हतं. या वेळी गेली तर परत यायची नाही. कशावरून, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. पण त्याची खात्री होती.

तिचा आजार मज्जातंतूंचा. वायरीवरचं प्लास्टिक झिजतं ना, तसं तिच्या नसांवरचं आवरण झिजत चाललेलं, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. डोकं हुकूम सोडतं, हातापर्यंत तो पोचत नाही. उन्हाळा आणि ताप हे तिचे दोन वैरी. अंग तापलं की हात गळतात, डोळ्यांना एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते. अंग निवलं की पुन्हा सगळं पुष्कळसं जागेवर. "यावर दुरुस्ती नाही," डॉक्टर म्हणाले होते, आणि तो चिडला होता त्या शब्दावर. दुरुस्ती नाही म्हणजे काय? मग म्हणाले, "तुम्ही एक करा. त्यांना थंड ठेवा." बास. बाकी सगळं औषधांचं, तपासण्यांचं, नशिबाचं. त्याच्या वाट्याला आलेलं काम एवढंच, थंड ठेवा. ते त्याने जिवापाड केलं होतं. खिडकीला जाड पडदे लावले, गच्चीवर पांढरा रंग मारला, दाराच्या फटीत कापडाची गुंडाळी घातली, आणि अर्ध्या अर्ध्या तासाने खोलीत डोकावून "कसं वाटतंय?" असं विचारत राहिला. आणि आज ते एक कामसुद्धा त्याच्या हातातून सुटलं होतं.

"कंपनीत फोन करते का... करता का?" ती म्हणाली. ओला टॉवेल मानेवर घेऊन ती खुर्चीत बसली होती, आणि शब्द एकेक उचलून ठेवत होती. तो म्हणाला, "करतो, करतो, तू बोलू नकोस." कंपनीचा नंबर लागला आणि गाणं सुरू झालं. गाण्याच्या मधे मधे एक बाई गोड आवाजात सांगत होती की त्याचा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. दुरुस्तीसाठी दोन दाबा. दाबलं. वॉरंटीत असेल तर एक दाबा. ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने कागद शोधले, तोवर फोन कटला. पुन्हा गाणं. शेवटी एक मुलगा बोलला. त्याने पत्ता विचारला, पुन्हा पत्ता विचारला, आणि म्हणाला, "सर, कॉम्प्रेसरवर वॉरंटी आहे तुमच्या." त्याचा जीव भांड्यात पडला. "पण तो उघडायची मजुरी वॉरंटीत नाही. गॅस वॉरंटीत नाही. पाइप वॉरंटीत नाही. व्हिजिट चार्ज वेगळा." "मग वॉरंटीत आहे काय?" "कॉम्प्रेसर, सर." "तो बिघडलाय का?" "ते बघितल्याशिवाय कसं सांगणार सर? परवा माणूस पाठवू?" परवा! घरात आजारी माणूस आहे म्हणाला तर तो मुलगा म्हणाला, समजू शकतो सर, आणि त्याच सुरात विचारलं की आजच्या सेवेला तुम्ही पाचपैकी किती गुण द्याल. त्याने फोन आदळला. आदळायलासुद्धा हल्लीच्या फोनात काही राहिलेलं नाही, बोटाने टिचकी मारायची आणि राग गिळायचा.

मग तो गॅसवाला. कोपऱ्यावर त्याचं दुकान, फ्रीज, एसी, पंखे, मिक्सर, काय वाटेल ते दुरुस्त करणारा. दर उन्हाळ्याच्या तोंडाला हा यायचा, सिलिंडर खांद्यावर घेऊन, बाहेरच्या मशीनला नळी जोडायचा, काट्याकडे बघायचा, गॅस भरायचा, पैसे घ्यायचा आणि जायचा. कितवं वर्ष ते आता सांगता आलं नसतं. गॅस संपतो, भरायचा, यात त्याला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. स्वयंपाकाचा संपतो, हा का नाही संपणार? गेल्या वर्षी बायकोने फोनवर काहीतरी वाचून सांगितलं होतं, "अहो, हे बघा, इथे लिहिलंय. एसीतला गॅस संपत नसतो म्हणे. फिरून फिरून तोच वापरला जातो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. आधी गळती शोधायला सांगा म्हणतात, नाहीतर दर वर्षी पैसे पाण्यात." तो म्हणाला होता, "लिहिणाऱ्याचं काय जातंय? गळती शोधायची म्हणजे भिंत फोडायची, त्याचा भाव माहितीये का? मी तीन ठिकाणी विचारलंय. भरणं सगळ्यात स्वस्त पडतं." ती पुढे काही बोलली नव्हती. ती कधीच पुढे काही बोलायची नाही, आणि ते आपलं पटल्याचं लक्षण आहे असं तो धरून चालायचा.

तीन ठिकाणी. तो एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागात होता, आणि खरेदी विभागात खिळासुद्धा तीन कोटेशनांशिवाय विकत घेत नाहीत. नवा नवा लागला तेव्हाच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की पहिला दर सांगणारा माणूस तुला लुबाडायला आलाय असं समजून चाल, दुसरा पहिल्याचा मावसभाऊ समज, तिसऱ्याशी बोलायला सुरुवात कर. त्याच्या हाडीमाशी ते भिनलं होतं. ऑफिसात त्याला पाठीमागे 'लोएस्ट' म्हणत, आणि त्याला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. कारखान्याचे त्याने किती पैसे वाचवले याला गणती नव्हती. एखाद्या मशीनची मोटर जळाली की सगळे बोंबलत, उत्पादन थांबलंय, घाई करा. तो मात्र शांतपणे तिसऱ्या कोटेशनची वाट बघत बसे. थांबलेलं उत्पादन दुसऱ्याच्या खात्यावर पडतं, वाचलेला पैसा आपल्या. घरातसुद्धा मग गादी असो, गिझर असो, सोफ्याचं कापड असो, तीन. बायको आधी आधी हसायची. पाहुण्यांना सांगायची, "आमच्याकडे कोथिंबीरसुद्धा टेंडर काढून येते." तिच्या तोंडून तो विनोद बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता, हे त्याच्या आत्ता, गॅसवाल्याचा नंबर लावताना, लक्षात आलं.

गॅसवाला आला खरा, आणि लवकर आला. खिडकीतून बाहेर वाकून त्याने मशीनला हात लावला, नळी जोडली, काट्याकडे बघितलं आणि म्हणाला, "गॅस नाहीये. भरतो. तासाभरात गार." आणि भाव सांगितला. गेल्या वर्षीपेक्षा चांगलाच चढा. "का रे? सोनं भरतोयस का?" "महागलाय साहेब. सगळीकडे विचारा." आता, सगळीकडे विचारा हे शब्द याच्यासमोर उच्चारायचे नसतात. त्याच्या आत काहीतरी खटकन जागेवर बसलं. आतून बायकोचा आवाज आला, "अहो, करून टाका ना," तो त्याने ऐकला. नाही कसा ऐकला, चांगला ऐकला. आणि तरी त्याचं तोंड म्हणालं, "जरा थांब, मी आणखी दोघांना विचारतो." गॅसवाल्याने नळी काढली, गुंडाळली, त्याच्याकडे न बघता म्हणाला, "विचारा, विचारा," आणि गेला. दोघांना विचारलं. एकाचा फोन लागला नाही, दुसरा म्हणाला त्याचा भाव याहून जास्त. घाईने त्याने गॅसवाल्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. उचलेना. खाली दुकानापर्यंत गेला तर शटर अर्धं ओढलेलं, आणि शेजारचा म्हणाला, ते गेले की कामाला, संध्याकाळी येतील. उन्हात, त्या अर्ध्या शटरसमोर तो उभा राहिला आणि त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. सगळे असे अडवून धरतात, असं तो मनाशी म्हणाला, पण त्यात जोर नव्हता, कारण अडवलं होतं ते त्यानेच.

घरी आला तर ती टेबलावर डोकं टेकून बसलेली. टॉवेल गरम झाला होता. त्याने तो भिजवला, पिळला, पुन्हा मानेवर ठेवला, पंखा जवळ ओढला, बर्फाची पिशवी मनगटावर धरली. "कसं वाटतंय?" तिने मान हलवली, ती हो होती की नाही ते कळलं नाही. "होईल आत्ता. वाटेत फोन केलाय, तिसरा एकजण येतोय. जाहिरातीतला आहे, मोठा माणूस आहे." ती हळूच म्हणाली, "ताईला फोन... करा. लवकर ये म्हणावं." "ताईला कशाला? ताई येईपर्यंत खोलीत कुडकुडशील तू!" तो हसत म्हणाला. ती हसली नाही. तिच्या केसांच्या मुळांशी घामाचे बारीक थेंब होते आणि ते त्याला अपमानासारखे टोचले. एवढी वर्षं तो हे थेंबच तर अडवत आला होता. त्यांचं लग्न झालं तेव्हा ती भरभर चालायची, तो मागे पडायचा, रस्त्यात पुढे जाऊन थांबायची आणि मागे वळून ओरडायची, "या की!" आता ती जिथे बसेल तिथे त्याने यायचं, विचारायचं, जायचं. तो तिच्यावर रागावलेला नव्हता. मग कुणावर, हे त्याला त्या दुपारी काही केल्या ठरवता येईना. कंपनीवर, गॅसवाल्यावर, उन्हावर, ताईंवर, तिच्या त्या मान हलवण्यावर. आणि सगळ्यात जास्त त्या पांढऱ्या पेटीवर, जी अजून शहाण्यासारखी पट्टी हलवत होती.

तिसरा आला तोच बोलत. दोन फोन, एक कानाला, एक हातात, पोट शर्टातून बाहेर, आणि सेंटचा वास असा की खोली आणखी गरम झाली. बायकोला त्याने आतल्या खोलीत, पंख्यासमोर खुर्चीत नेऊन बसवलं. तिसरा बूट न काढता एसीखालच्या खुर्चीवर चढला. "बघण्याचे पैसे वेगळे हं, आधीच सांगतो, मागाहून कटकट नको." साबणाचं पाणी लावून झालं, कुठलंसं यंत्र भिंतीवरून फिरवून झालं, मधेच फोनवर कुणावर तरी खेकसून झालं. मग भिंतीवरच्या लाकडी पॅनेलवर टिचक्या मारत म्हणाला, "पाइप आत गाडलाय ना तुम्ही? शोभेसाठी? घ्या मग शोभा. आत सांधा गळतोय. दर वर्षी भरता ना गॅस? हा काय, भिंत पितेय तुमचा गॅस." त्याला खोटं बोलायची गरज नव्हती, त्याचा धंदा असाही चालत होता, असा एकूण त्याचा आव होता. आणि नेमक्या त्या वेळी बेल वाजली.

ताई आल्या. आल्या त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या, बहिणीच्या कपाळावर हात ठेवला, आणि बाहेर येऊन पॅसेजमध्ये उभ्या राहिल्या. "काय खरेदीसाहेब," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तो घाईघाईने म्हणाला, "ताई, तासाभराचं काम आहे. हा माणूस आलाच आहे. तुम्ही बसा, पाणी घ्या." "तिला गाडीत बसवते मी," ताई म्हणाल्या. "गाडी गार आहे. तुमचं काय ते चालू द्या." "अहो, पण ताई, थांबा तरी!" तो तिसऱ्याकडे वळला. त्याच्या आवाजात आर्जव होतं, आणि ते आर्जव नको त्या माणसापाशी चाललं होतं. "बोला हो, किती वेळ, किती खर्च, चटकन सांगा."

तिसऱ्याने खुर्चीवरून उतरून रुमालाने मान पुसली. "दोन गोष्टी आहेत. एक, पॅनेल काढतो, भिंत फोडतो, पाइप बदलतो, आतली कॉइलपण सडली असणार, ती बदलतो, गॅस भरतो. संध्याकाळपर्यंत गार. पण सांगून ठेवतो, नव्याच्या निम्म्याहून जास्त लागतील. आणि मशीन जुनं ते जुनं. तीन-चार वर्षं चालेल, पुढचं मी लिहून देत नाही. दुसरं म्हणजे हे भंगारात काढा आणि नवा घ्या. दहा वर्षं बघायला नको." खोलीचं दार उघडं होतं. ताई आत बहिणीला चपला घालत होत्या. आणि त्याने, नेहमीच्या आवाजात, दर ठरवताना ज्या आवाजात बोलायचा त्या कोरड्या, चांगल्या आवाजात म्हटलं, "दहा वर्षांचा घेऊन काय करायचंय? तीन-चार वर्षं रग्गड झाली. फोडा भिंत."

तिसरा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने एकदा आत, खुर्चीत बसलेल्या बाईकडे बघितलं, आणि एकदम फोनमध्ये डोकं घातलं. आधी याला कळलंच नाही काय झालं ते. खोलीत ताईंच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता, एवढंच जाणवलं. मग ते वाक्य त्याला स्वतःच्या कानांनी पुन्हा ऐकू आलं. अगं, मला तसं नव्हतं म्हणायचं, असं तो म्हणणार होता. पण तसंच तर म्हणायचं होतं. कारखान्यात कुठलंही मशीन घेताना पहिला प्रश्न हाच, किती दिवस गरज आहे? तीन वर्षं गरज असेल तर दहा वर्षांचं घेणारा मूर्ख. गरजेचा काळ ओळखायचा, त्यावर खर्च बसवायचा. त्याने तो ओळखला होता. कधी? डॉक्टरांनी आकडा कधीच सांगितला नव्हता. खोदून विचारलं तेव्हा तेही म्हणाले होते, कुणी वीस वर्षंसुद्धा काढतं, सांगता येत नाही. आकडा त्याचा त्यानेच काढला होता, केव्हातरी, तिच्या मानेवर टॉवेल ठेवताना, पडदे ओढताना, "कसं वाटतंय?" विचारून दार लोटून घेताना, आणि तो आकडा डोक्यात नीट नोंदवून ठेवून तो कामाला लागला होता, गुणी माणसासारखा. दर वर्षी गॅस भरताना, पुढच्या वर्षी बघू, असं जे तो म्हणायचा, त्या पुढच्या वर्षात ती होती का? त्याला आठवेना. आठवून बघायची भीती वाटली.

ती आतून काहीतरी बोलली. शब्द आला तो पसरट, चिकटलेला, अर्धा. तो धावत गेला, "काय म्हणालीस?" तिने पुन्हा प्रयत्न केला, ओठ हलले, आणि मग तिने डोळे मिटून घेतले आणि हाताने राहू दे अशी खूण केली. हातसुद्धा पुरता उचलला गेला नाही. "अगं, ऐक, मी खर्चाचं म्हणत होतो. मशीनचं." "उचला तिला," ताई म्हणाल्या, "बोलणं पुरे." त्याने तिला उचललं. ती हलकी नव्हती. उन्हाने सैल पडलेलं अंग जड असतं, आणि ते सगळं वजन ती त्याच्यावर टाकत होती, टाकावंच लागत होतं तिला, आणि मान मात्र तिने त्याच्या खांद्यावर टेकवली नाही, कशीबशी ताठ धरली. लिफ्टमध्ये आरसा होता. त्यात तिघं दिसत होते आणि तिघांपैकी कुणी आरशात बघत नव्हतं. खाली ताईंच्या ड्रायव्हरने गाडी चालूच ठेवली होती. ताईंनी दार उघडलं, गाडीतल्या गार हवेची एक लाट त्याच्या तोंडावर आली. त्याने तिला मागच्या सीटवर बसवलं, पाय आत घेतले, पट्टा लावला. पट्टा लावताना त्याची बोटं तिच्या कुशीला लागली आणि तिने अंग आखडून घेतलं.

ताई वर बॅग आणायला गेल्या. तो गाडीच्या बंद काचेबाहेर उन्हात उभा राहिला. दार उघडून आत बसावं, असं मनात आलं, पण दार उघडलं की गार हवा जाईल, म्हणून नाही उघडलं. काचेतून ती दिसत होती, डोकं मागे टेकलेली. तो बघत राहिला. हळूहळू तिचा चेहरा जागेवर येत गेला. आधी पापण्या स्थिर झाल्या. मग ओठांचा खाली ओघळलेला कोपरा वर आला. मग तिने हात उचलला, सबंध, आणि कपाळावरची बट मागे सारली. एवढ्या वर्षांत त्याने हे असं कधी बघितलं नव्हतं. तो नेहमी विचारून दार लोटून निघून जायचा, आणि परत यायचा तेव्हा ती बरी झालेली असायची. त्याला वाटायचं, एसीने केलं. आता दिसत होतं की ती करत होती. एकेक बोट, एकेक स्नायू हाक मारून परत बोलावत होती, दात आवळून. हे एवढं जिद्दीचं काम आपल्या घरात रोज चाललं होतं आणि आपण बाहेर आकडेमोड करत बसलो होतो. माझं चुकलं म्हणावं, मोठ्याने म्हणावं, रस्त्यात म्हणावं. पण काच बंद होती आणि ताई बॅग घेऊन आल्याही होत्या. बॅग मोठी होती. डिकीचं झाकण आदळलं, ताई पुढे बसल्या, गाडी सुरूच होती.

काच खाली आली. चार बोटंच, गारवा जाऊ नये इतकी.

"नवा घ्या," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, एकेक शब्द सुटा, लखलखीत. "दहा वर्षांचा."

"हो, हो, घेतो ना. आजच. तू काही काळजी—"

"मी ऐकलं मघाशी."

त्याने काचेच्या कडेवर बोटं ठेवली.

"मला लागणार आहे तो दहा वर्षं. कदाचित जास्तच लागेल." ती त्याच्याकडे बघून बोलत होती, आणि तिला एकच तो दिसत होता, दोन नाही, हे तिच्या नजरेवरून समजत होतं. "बसवून झाला की मी बघायला येईन. राहायचं की नाही, ते मग बघू."

"अगं, पण मी—"

"ताई, चल," ती म्हणाली, आणि काच वर गेली.

गाडी हलली. वरून, बाल्कनीतून तिसऱ्याचा आवाज आला, "ओ साहेब! काय करू? फोडू का भिंत? मला पुढे जायचंय!" दोन-तीन घरांच्या खिडक्यांतून माणसं बघू लागली. तो रस्त्याच्या मधे उभा होता, डोक्यावर ऊन, पायांत चप्पल नव्हती, आणि पाय पोळताहेत हे त्याला आत्ता जाणवत होतं. त्याने वर बघितलं आणि सबंध छाती भरून ओरडला, आयुष्यात कधी ओरडला नव्हता तसा, "फोडू नका! नवा! दहा वर्षांचा द्या, दहा वर्षांचा!" आणि ती ऐकतेय का, म्हणून त्याने वळून पाहिलं. गाडी तोवर कोपऱ्यावरून वळून गेली होती.